ढोकीचं माळरान, सहा खळी आणि न तापलेले हात

जानेवारीत सुदामदादाचा फोन आला. "सुमन, साहेबांस्नी घेऊन ये. माळ तयार हाय."

सुदामदादा माझा चुलतभाऊ. पुण्यातल्या एका गॉल्फ क्लबात तो तीस वर्षं कॅडी होता. म्हणजे खेळणाऱ्याची बॅग खांद्यावर घ्यायची, कुठल्या स्टिकने मारायचं ते सांगायचं, जमिनीचा उतार वाचून चेंडू कुठून होलात जाईल ती लाइन दाखवायची, आणि स्वतः मारायचं नाही. कॅडींना खेळायला आठवड्यातून एकच सकाळ होती, सोमवारची. सरावाच्या जागेत तर त्यांना पाऊलही टाकता येत नसे. मागून आणलेल्या चार स्टिका घ्यायच्या आणि थेट पहिल्या होलाला उभं राहायचं.

दोन वर्षांपूर्वी दादा गावी परतला, आणि ढोकीजवळच्या आपल्या चार एकर मुरमाड माळावर त्याने काही पेरलं नाही. सहा होलांचं मैदान केलं. गाव हसलं. "सुदामला पुण्याचं वारं लागलं," असं लोक त्याच्या तोंडावर म्हणायचे. शेवटी कलावैनीने, म्हणजे त्याच्या बायकोने, अट घातली: ज्यांची बॅग एवढी वर्षं उचलली त्या इनामदार साहेबांना बोलवा, गावासमोर त्यांच्याबरोबर खेळून दाखवा. हसं झालं तर येत्या मिरगाला माळावर तूर पेरायची.

इनामदार साहेब सत्तरीचे, निवृत्त कारखानदार. मी त्यांना फोन केला तेव्हा मनात भाषण तयार होतं. त्याची गरजच पडली नाही. "सुदामने बोलावलंय? कधी निघायचं?" एवढंच त्यांनी विचारलं.

पहिला दिवस: पुणे ते ढोकी

सकाळी सहाला निघालो, साहेबांच्या गाडीने. सोलापूर रस्त्याने टेंभुर्णीपर्यंत जायचं, तिथून डावीकडे वळून कुर्डुवाडी, बार्शी, येडशी आणि ढोकी. थांबत थांबत सहा-सात तास धरा. पुण्याहून लातूरला जाणारी एसटी याच वाटेने जाते, बायकांना तिकीट अर्धं आहे, आणि खिडकी मिळाली तर प्रवास झकास होतो.

आमचा प्रवास झकास झाला नाही, कारण साहेब दर दीड तासाने गाडी थांबवून रस्त्याच्या कडेला व्यायाम करत. टेंभुर्णीच्या चहाच्या टपरीसमोर त्यांनी गाडीच्या टपाला धरून एक पाय मागे नेला, मग दुसरा. मग रबरी पट्टा काढून खांदे ताणले. टपरीवाला माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "बाई, पाहुण्यांना उसण भरली का? तेल देऊ का गरम करून?"

"साहेब, आपण गाडीत बसलोय, नांगर ओढत नाही," मी म्हणाले.

"उद्या खेळायचंय. थंड अंगाने पहिला फटका मारणारा माणूस स्वतःच्या कमरेचा शत्रू असतो."

झालं. मला विषय मिळाला. मी तीस वर्षं व्यासपीठावर बोलते आहे. जयंतीच्या सभेत, कॉलेजच्या संमेलनात, संपाच्या फाटकावर. घसा न खाकरता पहिल्याच वाक्याला सभा ताब्यात घ्यायची, हा माझा अभिमान. तेव्हा कुर्डुवाडीपर्यंत साहेबांना मी ऐकवलं, की वॉर्म-अप हा रिकाम्या वेळेतून जन्मलेला संस्कार आहे. पाथरवट घण उचलण्याआधी योगासनं करत नाही, हमालाला पोतं उचलण्याआधी कोणी वीस मिनिटं देत नाही. श्रम करणाऱ्याचं शरीर जन्मतःच तापलेलं असतं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि बार्शीला पुन्हा गाडी थांबवून पाय ताणले.

येडशीला थोडा वेळ जरूर काढा. रामलिंगच्या दरीत झाडी आहे, माकडं आहेत, आणि मराठवाडा म्हणजे उघडाबोडका, असं समजणाऱ्यांचं तोंड बंद होतं. माकडांसमोर मात्र पिशवी उघडू नका. पुढे ढोकीकडे वळलं की हवेत साखर कारखान्याच्या मळीचा गोडसर, आंबूस वास येतो. हंगामात या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर असतात आणि कित्येकांना मागे लाल दिवा नसतो. दिवसाउजेडी पोहोचा.

माळ

दादाचं मैदान बघून मी पहिल्यांदा गप्प झाले. मला ओळखणारे सांगतील, ही साधी गोष्ट नाही.

गॉल्फ म्हटलं की डोळ्यांसमोर हिरवळ येते. इथे हिरवळ कुठली? पाणी प्यायला पुरलं तर मिळवलं. पण होलाभोवतीची जमीन तर चेंडू घरंगळेल अशी गुळगुळीत हवी. दादाने काय केलं असेल? खळी केली. आपल्या बापजाद्यांनी ज्वारी मळायला करावीत तशी सहा गोल खळी. मुरूम चाळून टाकला, पाणी मारलं, चोपण्याने चोपलं आणि शेणाने सारवलं. मधोमध बूड काढलेला पत्र्याचा डबा पुरला, त्यात तुराटीची काठी आणि काठीला निळं फडकं. एका खळ्यापासून दुसऱ्यापर्यंत नुसता माळ आणि कुसळी गवत. ते गवत आखूड ठेवायचं काम गावातल्या महादूतात्यांच्या काळ्याभोर शेळ्यांकडे.

साहेब खाली बसले. सारवणावरून तळहात फिरवला. "सुदाम, हे कोणी शिकवलं?"

"शिकवायचं काय त्यात, साहेब? आमच्या आईनं जन्मभर हेच केलं. दुसऱ्याच्या खळ्यावर."

ज्यांना बघायला जायचंय त्यांनी जरूर जा. फी नाही. खळ्यावर चपला घालून चढू नका, वैनी ओरडतात. मुक्कामाला लॉज हवा असेल तर धाराशिवला मिळेल. आम्ही दादाकडेच उतरलो. संध्याकाळी अंगणात ज्वारीची भाकरी, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी आणि शेंगाची चटणी. साहेब तिसरी भाकरी घेऊन म्हणाले, "सकाळी वीस मिनिटं लवकर उठतो. अंग मोकळं करायला लागेल."

दादा म्हणाला, "म्या बी धा-बारा बॉल मारून घेतो, साहेब."

इथे मी चूक केली. दादाला बाजूला घेऊन बोलले, आणि मी बोलते तेव्हा लोक ऐकतात. "दादा, तुला कधी मिळाली होती का सरावाची जागा? सोमवारी कुडकुडत थेट उभा राहायचास आणि मारायचास. तीच तुझी ताकद. साहेबांना हात-पाय हलवू दे. तू सरळ जा आणि मार. गावाला दिसू दे, कष्टाच्या हाताला तालीम लागत नाही."

"व्हय म्हणतीस?"

"व्हय."

वैनी चुलीशी होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि तव्यावरची भाकरी उलटली.

दुसरा दिवस: सामना

सकाळी माळावर बोचरी थंडी होती. बांधावर तीसेक माणसं गोधड्या, मफलर गुंडाळून बसलेली. साहेबांनी वीस मिनिटं खांदे फिरवले, आधी हळू, मग जोरात, स्टिक हवेतच फिरवली. पोरीबाळी खिदळल्या. दादा हाताची घडी घालून उभा होता, माझ्याकडे बघत. मी मान हलवली.

नियम सोपा. ज्याचा चेंडू कमी फटक्यांत डब्यात जाईल, तो होल त्याचा. सहांपैकी ज्याचे जास्त, तो जिंकला.

साहेबांचा पहिला फटका सरळ खळ्याच्या दिशेने गेला. दादाने सगळा जोर लावला. चेंडू आडवा उडाला आणि शेळ्यांच्या कळपात घुसला. कळप उधळला.

"आरं सुदाम," महादूतात्या बांधावरून ओरडले, "शेळी मारू नगंस, मटण लई म्हाग हाय! नायतर पैसे टाक आन् पुरती मार!"

बांध हसला. दादाचा हात कमरेवर गेला. दुसरा फटका जेमतेम. खळ्यावर पोचेपर्यंत तो तीन फटक्यांनी मागे होता. आणि तिथे साहेब लाइन बघायला वाकले, तर दादा त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, उजव्या अंगाला दोन बोटं. हळू. सारवण पळवतंय."

साहेबांनी दोन बोटं उजवीकडे मारलं. चेंडू डब्यात.

दुसऱ्या होलाला तेच. कंबर वळेना, फटका बसेना, आणि खळ्यावर आला की दादाच्या तोंडून आपसूक प्रतिस्पर्ध्याला सल्ला. होल संपल्यावर त्याचा हात साहेबांच्या बॅगेकडे गेला. पट्टा धरला, मग त्याच्या लक्षात आलं, मग सोडला. तीसेक माणसांनी ते पाहिलं. आता कोणी हसत नव्हतं, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. दोन होल गेले. हा माळ माझ्या जिभेमुळे तुरीखाली जाणार होता.

तेवढ्यात वैनी बांधावरून उतरल्या. हातात कोयता.

"वन्सं, तुमचं भाषण लई चांगलं झालं," त्या मला म्हणाल्या. "पर तुमी कवा फडात उतरलाव का?"

मी नाही म्हणाले.

"म्या सात हंगाम ऊस तोडलाय. पहाटं फडात गेलं की पहिल्या सरीला कुणी जोर लावत न्हाय. आदी कोयत्याला धार. मग कडंची चार उसं, हळू. कोयता अंगात येऊ द्यायचा. पहिल्याच घावाला जो जोर करतो त्यो दुपारी कंबर धरून बसतो, आन् मुकादम त्याला शिव्या घालतो." मग दादाकडे वळून, "चला. विहिरीजवळची चार उसं तोडा. शेळ्यांस्नी वाढं घाला. उगं उभं ऱ्हाऊन गारठलाव."

दादाने साहेबांकडे बघितलं. साहेब म्हणाले, "जा की. मी वीस मिनिटं घेतली, तू वीस घे." आणि माझ्याकडे बघून काहीही म्हणाले नाहीत. हा त्यांचा मोठेपणा. मी असते तर बोलले असते.

विहिरीच्या पाझरावर चाऱ्यापुरत्या लावलेल्या उसाच्या दोन सऱ्या होत्या. दादा तिकडे गेला. पहिला ऊस बुडाशी, सावकाश. दुसरा. शेंड्याचं वाढं छाटून बाजूला. हळूहळू खांदा सुटला, कंबर वळायला लागली, कोयत्याचा आवाज एका ठेक्यात आला. मी तिथे उभी होते म्हणून सांगते: तो माणूस फक्त तापत नव्हता, बदलत होता. कोयता हातात असताना त्याच्या शेजारी कोणाची बॅग नव्हती. वाढ्याचा भारा त्याने शेळ्यांपुढे टाकला, हात झटकले आणि तिसऱ्या होलाला उभा राहिला.

फटका बसला. असा आवाज की बांधावरची माणसं उभी राहिली. चेंडू खळ्याच्या अलीकडे पडला, टप्पा घेऊन वर चढला आणि डब्यापासून हातभर अंतरावर थांबला.

"आत्ता पुण्याचं वारं ढोकीत आलं!" महादूतात्या म्हणाले.

तिसरा दादाचा. चौथा बरोबरीत. पाचवा दादाचा. आता दोघांचे दोन-दोन, आणि शेवटचा होल.

दोघांचेही चेंडू खळ्यावर, सारख्याच फटक्यांत. साहेबांना चार पावलं अंतर, दादाला तीन. आधी साहेबांची पाळी. ते वाकले, सारवणाचा उतार पाहिला, गोंधळले, आणि तीस वर्षांच्या सवयीने मागे न बघताच विचारलं, "सुदाम, लाइन?"

दादाचे ओठ उघडले. मला दिसलं, उत्तर त्याच्या जिभेवर होतं. त्याने तोंड मिटलं. मग शांतपणे, अदबीने म्हणाला,

"ती तुमची तुमी बगा, साहेब. आज म्या खेळतोय."

साहेब मागे वळले. मान डोलावली. "बरोबर आहे. चुकलं माझं." त्यांनी मारलं. चेंडू डब्याच्या कडेवरून निसटला.

दादाने मारलं. पत्र्याच्या डब्यात खडखड वाजलं.

मी आयुष्यात खूप टाळ्या ऐकल्या आहेत, त्यातल्या बऱ्याच स्वतःसाठी. पण त्या माळावरच्या तीस माणसांच्या टाळ्यांनी माझी मान जेवढी ताठ झाली, तेवढी कधीच झाली नव्हती.

"मंग तूर न्हाय पेरायची का गं कलाबाई?" तात्यांनी विचारलं.

"बांधावर पेरू," वैनी म्हणाल्या.

परत

परतीला तुळजापूरमार्गे आलो. साहेबांना दर्शन घ्यायचं होतं. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळा, नाहीतर अर्धा दिवस रांगेत जातो. मी देवळात जात नाही. बसस्टँडजवळ चहा घेत बसले. देवळाच्या पायऱ्या चढून साहेब वर आले तेव्हा त्यांच्या हातात पेढ्यांचा पुडा होता आणि तोंडावर प्रश्न. "मग, वॉर्म-अपबद्दल काय ठरलं?"

"तुम्ही बरोबर होता," मी म्हणाले. "पण मला पटलं ते तुमच्यामुळे नाही." ते सोलापूर येईपर्यंत हसत होते.

घरी आल्यावर मी ते वाक्य तपासत राहिले. कष्टाच्या हाताला तालीम लागत नाही, हे मी किती व्यासपीठांवरून टाळ्या घेत म्हणाले असेन! खोटं वाक्य आहे. आपल्या माणसांनी तालीम नेहमीच केली, कडंच्या चार उसांवर, कोणी नाव न देता. तिला नाव नव्हतं म्हणून ती नव्हतीच, असं मी, शिकलेली बाई, समजून बसले. अभिमानापोटी त्यांचंच शहाणपण त्यांच्यापासून काढून घेत होते.

मागच्या आठवड्यात पुण्यातच एक सभा होती. मी अर्धा तास आधी पोचले. सभागृहामागच्या बोळात, पाण्याच्या टाकीजवळ उभी राहून पहिली चार वाक्यं हळू आवाजात म्हणू लागले. संयोजक मुलगी शोधत आली. "ताई, बरं वाटत नाही का? काही आणू का?"

"नको गं," मी म्हणाले. "कडंची चार उसं तोडतेय. पाच मिनिटांत येते."