एकोणिसावं नाव

आधीच सांगतो, मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमधला माणूस. जे दुसऱ्यांदा घडवून दाखवता येत नाही, ते माझ्या लेखी घडलेलंच नसतं. भुताखेताच्या पोस्ट आल्या की मी ग्रुप म्यूट करतो. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... पण मार्चपासून डोक्याचा पार भुगा झालाय, म्हणून लिहितोय.

आम्ही अ‍ॅशबर्नला, व्हर्जिनियात राहतो. शेजारच्या टाउनहाऊसमध्ये मिस एव्हा. वय नव्वदीच्या पुढे, एकट्या, काठी टेकत स्वतःचा कचरा स्वतः बाहेर ठेवणाऱ्या. लहानपणी त्या बुडापेस्टमधल्या ज्यू मुलींच्या शाळेत होत्या. सिनेगॉगच्या मागे दोन मजली पिवळी इमारत, अंगणात एक अक्रोडाचं झाड. युद्धात शाळा बंद झाली आणि वर्गातल्या बहुतेक मुली परत आल्याच नाहीत. पुढे तिथे गोदाम झालं, मग सरकारी कचेरी. आता त्या भिंतीवर वर्गातल्या मुलींच्या नावांचा दगड बसणार होता. पटावर एकतीस मुली. जुने कागद सापडत नव्हते, म्हणून नावं मिस एव्हांनी आठवून द्यायची.

त्यांना तीस आठवली. आठवत नव्हती ती नेमकी त्यांच्या बाकावरची मैत्रीण!

"तिची वेणी आठवते, डब्याचा वास आठवतो," त्या मला म्हणाल्या. "नाव नाही. मीच विसरले तर तिचं नाव घेणारं जगात कोणी उरलेलं नाही." सोमवारी यादी दगड कोरणाऱ्याकडे जाणार होती.

तेव्हा माझी आई नागपूरहून आली होती. चौतीस वर्षं शाळेत शिकवलेलं, इंग्रजी यथातथाच. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "हजेरी घेऊन पाहू ना. मला माझ्या जुन्या वर्गांची नावं अशी सुटी आठवत नाहीत. ओळीनं म्हणायला लागले की येतात आपोआप."

रविवारी दुपारी तीन वाजता, आमच्या किचन टेबलाशी. मिस एव्हांच्या यादीतली तीस नावं मी देवनागरीत उतरवून दिली. आडनाव आधी, आपल्या हजेरीपटासारखंच, आणि त्यांच्या शाळेसारखी आडनावांच्या वर्णक्रमाने. फोनवर रेकॉर्डिंग लावलं. मिस एव्हा ताठ बसल्या, बाजूची खुर्ची रिकामी. आईने चष्मा चढवला, पेन घेतलं आणि सुरू! तिची जुनी पद्धत — उत्तर आलं तर नावापुढे 'ह', नाही आलं तर टिंब.

नाव, टिंब. नाव, टिंब. अठरावं, "कालमान मार्ता." टिंब. मग आई म्हणाली, "क्लाइन युदित." थांबली, चष्म्यावरून पाहिलं, आणि पुढे, "कोव्हाच इलोना."

मी वैतागलोच. "आई, काय हे? लिहिलंय ते वाच ना! हे क्लाइन कुठून आणलंस?"

"अरे बाप्पा, लिहिलंय तेच वाचते आहे मी. मध्ये बोलू नको."

मिस एव्हांनी टेबलाची कड घट्ट धरली होती. "युदित," त्या म्हणाल्या. "युदित, युदित..." आणि ढसाढसा रडायला लागल्या. मग मलाच विचारलं, "तुझ्या आईला कोणी सांगितलं?"

कोणी सांगणार? आईने पुढची हजेरी पूर्ण केली. मिस एव्हांचं स्वतःचं नाव आलं तेव्हा त्या रडत रडत "येलेन" म्हणाल्या. म्हणजे हंगेरियनमध्ये 'हजर'. सोमवारी एकतीस नावं गेली.

मी म्हटलं, योगायोग. मिस एव्हा आधी कधीतरी पुटपुटल्या असतील, आईच्या कानावर पडलं असेल. पण तीन आठवड्यांनी बुडापेस्टहून पटाच्या एका पानाचा फोटो आला, कुठल्याशा पेटीत सापडलेला. एकोणिसावं नाव — क्लाइन युदित. कालमान आणि कोव्हाचच्या मध्ये, जिथे आईने घेतलं तिथेच.

मग मी आमचा कागद शोधून काढला. माझ्या अक्षरात तीसच नावं. एकोणतीस टिंबं, मिस एव्हांपुढे एक 'ह'. आणि अठरा-एकोणीसच्या मधल्या कोऱ्या फटीत, दाटीवाटीने, आणखी एक 'ह'.

आई तोवर नागपूरला परतली होती. व्हिडिओ कॉलवर कागद तिच्यासमोर धरला. "आई, हा 'ह' कुणाचा?"

"त्या मुलीचा."

"पण उत्तर कुणी दिलं?"

"असं काय करतोस? एव्हाबाईंच्या बाजूच्या खुर्चीतून आलं की. हळू बोलली पोरगी, पण बोलली. तेच, येलेन." मग ती कुकर बंद करायला उठून गेली.

रेकॉर्डिंग मी हेडफोन लावून निदान पन्नासदा ऐकलंय. त्या जागी चार सेकंद फ्रिजची घरघर आहे, बाकी काही नाही. मिस एव्हांचं "येलेन" मात्र बरंच पुढे येतं. म्हणजे आईने 'ह' लिहिला तेव्हा तो शब्द त्या टेबलावर अजून कुणीच उच्चारला नव्हता.

मिस एव्हांना हे सगळं सांगितलं. हल्ली चहाला आल्या की बाजूच्या खुर्चीवर पर्स ठेवत नाहीत, मांडीवर घेऊन बसतात. मीही ती खुर्ची हलवत नाही. का, ते विचारू नका... मला खरंच माहीत नाही.