मिठातली गाठ

ऐरोली गावातल्या पुतळाबाईंना आडवळणाचं बोलणं मुळात सोसत नसे. भाडेकरूंना त्या एका वाक्यात गप्प करत. आणि आता गर्भाशयाच्या पिशवीसकट पोटातून काढलेली गाठ साधी होती की कॅन्सर, हे एकही डॉक्टर धड सांगेना.

पहिल्या लॅबनं लिहिलं, 'पेशी स्पष्ट नाहीत.' दुसरीनंही तेच, फक्त गुळगुळीत कागदावर. "शिकले कशाला मंग हे?" पुतळाबाई करवादल्या. भीती वाटली की त्यांना रागच यायचा, आणि हल्ली त्या दिवसभर रागावलेल्या असत.

तिसऱ्या ठिकाणी, सानपाड्याला, डॉक्टर नमितांनी सूक्ष्मदर्शकातून डोकं वर काढून विचारलं, "ऑपरेशननंतर पिशवीची बरणी लॅबमध्ये कोणी नेली?"

"आमच्या यांनी."

हिरामण, म्हणजे नवरा, छताकडे बघू लागला. मग कबूल झाला. रिक्षात बरणीतलं, पिशवी टिकवायचं औषध सांडलं, त्यात रविवार, लॅब बंद. घरी आणून त्यानं बरणीत गच्च मीठ भरलं. बाप-आजा मिठागरावर राबलेले. मिठात घातलेलं नासत नाही, एवढं त्याला ठाऊक. दुसऱ्या दिवशी मीठ झटकून बरणी मुकाट देऊन आला.

"माजी पिशवी म्हंजे काय खारवलेला बांगडा हाय?" पुतळाबाईंचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला.

नमिताबाईंनी कपाळाला हात लावला. मिठानं पेशी पार आक्रसल्या होत्या. "काही दुर्मिळ कॅन्सर साध्या गाठीसारखेच दिसतात. जनुकं तपासल्याशिवाय ओळखू येत नाहीत. या खारवलेल्यावरून खात्रीनं काही सांगता येणार नाही. मूत्राशयाजवळ थोडी गाठ उरलीय, तिचा नवा तुकडा घेऊ."

तुकडा घेतला. नर्सनं नेहमीप्रमाणे बरणी नातेवाइकापुढे, म्हणजे हिरामणपुढे धरली. "इकडं द्या," पुतळाबाई म्हणाल्या, आणि दुखरं पोट सांभाळत, बरणी मांडीवर घट्ट धरून स्वतः लॅबपर्यंत गेल्या. वाटेत हिरामणला त्यांनी बरणीकडे बघूही दिलं नाही.

रिपोर्ट आला तेव्हा नमिताबाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. "कॅन्सर आहे. पण दोन जनुकं तुटून एकमेकांना जोडलेली सापडली, म्हणून जात कळली. या जातीवर गोळ्या आहेत. बऱ्याच जणींना लागू पडतात."

पुतळाबाईंनी कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला. शेजारी हिरामण तोंड झाकून रडत होता.

"पुरे," त्या करवादल्या आणि पदराचं टोक त्याच्या हातात कोंबलं. "आधीच लई मीठ घातलंय तुमी."