किल्लीपर्यंतचा इतिहास

जगाचा इतिहास मी पुस्तकांतून शिकलो नाही. गोरेगावच्या ज्या शाळेत मी मास्तर होतो तिथं पुस्तकं होती कुठं? दोन-चार फाटकी क्रमिकं आणि भिंतीवर एक नकाशा, त्यातही अर्धी आफ्रिका वाळवीनं खाल्लेली. मी जो काही इतिहास शिकलो तो बाजाराच्या दिवशी शाळेच्या पटांगणात उभं राहून, दुसऱ्याचं बोलणं मराठीत सांगता सांगता. त्यातला एक धडा मी लोकांना अर्धाच सांगितला. तेवढ्यासाठी हे लिहायला बसलोय, नाहीतर आठवणी लिहीत बसायची हौस मला कधीच नव्हती.

गोरेगाव तेव्हा निजामाच्या राज्यात, अगदी कडेला. पलीकडं वऱ्हाड, तिथं इंग्रजाचा अंमल. सरहद्द म्हटली की जकातीचा नाका आलाच. त्या नाक्यावरच्या नाकेदाराचे थोरले भाऊ हैदराबादेत कॉलेजात इतिहास शिकवायचे. विलायतेत शिकून आलेले, उंच, सडपातळ, हातात काठी. हिवाळ्याच्या सुट्टीत ते पंधरा दिवस भावाकडे येऊन राहायचे आणि दोन दिवसांत कंटाळायचे. म्हणून नाकेदारांनी एका वर्षी त्यांना सुचवलं की बाजार ओसरला की शाळेत चार लोक जमवतो, तुम्ही काहीतरी सांगा.

चार म्हणता म्हणता पन्नास-साठ माणसं जमली. बाजाराला आलेले शेतकरी, दुकानदार, शिंपी, तांड्यावरचे बंजारा लोक, सगळे पागोटी सावरत खाली बसले. प्रोफेसरसाहेबांनी बोलायला सुरुवात केली आणि पाच मिनिटांत लोक एकमेकांची तोंडं बघायला लागले. साहेबांची उर्दू फारसी शब्दांनी इतकी जड, की मुसलमानांनाही ती झेपेना. त्यांच्यातलाच, पुढं बसलेला आमचा पिंजारी उठला आणि हात जोडून मला म्हणाला, "मास्तर, साहेबाची उर्दू माझ्या डोक्यावरून जाऊन राहिली. तुमीच सांगा की मराठीत." सगळं पटांगण हसलं. साहेबांनी काय झालं म्हणून विचारलं, मी सांगितलं, तर ते स्वतःही हसले.

तेव्हापासून रीतच पडली. साहेब दोन-चार मिनिटं बोलायचे, मग काठी जमिनीवर दोनदा आपटायचे. काठी वाजली की मी तेवढं मराठीत सांगायचं. मी शिकलो उर्दूतून, बोलायचो मराठी, त्यामुळे जमायचं. साहेबांना मराठीचा गंध नव्हता. मी काय सांगतोय ते बराबर आहे की नाही, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. ही गोष्ट माझ्या फार लवकर लक्षात आली, आणि तिनंच माझा घात केला.

एका साली साहेबांनी आपल्या कॉलेजातले दुसरे प्रोफेसर बरोबर आणले. वयानं लहान, युरोप शिकवणारे. त्यांनी फ्रान्सच्या बादशहाची गोष्ट सांगितली, लाखोंची फौज घेऊन तो रशियात गेला आणि बर्फात सगळं गमावून परत आला ती. मी सांगून थांबलो तर तांड्याचा म्हातारा नाईक उभा राहिला. त्याच्या वाडवडलांनी पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या पाठीवर धान्य लादून फौजांना पोचवलेलं. तो म्हणाला, "एवढ्या फौजेला दाणा कोन पुरवला? बैल किती व्हते?" मी हे उर्दूत सांगितलं. तरुण प्रोफेसरांनी खिशातून वही काढून प्रश्न लिहून घेतला आणि म्हणाले की जनावरं वाटेतच मेली, दाणा पुरला नाही, बर्फाइतकीच माणसं उपाशीपोटीही मेली. नाईक मान हलवत खाली बसला. "मग लढाया गेला काहून?" एवढंच त्यानं विचारलं, आणि तेही वहीत लिहिलं गेलं.

असे दिवस होते ते. मीही हरभऱ्याच्या झाडावर चढलो होतो. बाजारात लोक मला हाका मारून चहा पाजायचे. खोटं कशाला बोलू, हळूहळू मला वाटायला लागलं की गोष्ट माझीच आहे, साहेब नुसते काठी वाजवायला येतात. थोडं तिखटमीठ लावायचो, कंटाळवाणं असेल ते गाळायचो. लोकांनी मान डोलावली की मला बरं वाटायचं.

सगळ्यांत जास्त मान डोलवायचा तो पिंजारी. थंडी म्हणजे त्याच्या धंद्याचे दिवस, घरोघरच्या गाद्या-रजया पिंजायला पडलेल्या, पण बाजाराच्या दिवशी चार वाजता तो पिंजण भिंतीला टेकवायचा आणि पुढच्या रांगेत येऊन बसायचा. भुवयांवर कापूस तसाच. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा, मी त्याला भाई म्हणायचो. आमच्या ओसरीवर कापूस पिंजायला आला की पिंजणाची तांत वाजत राहायची आणि मधेच थांबून तो विचारायचा, चीनमधल्या राजाला रेशीम कोण पुरवत होतं, रोममध्ये गाद्या कशाच्या होत्या. त्याला राजे लोकांशी देणंघेणं नव्हतं. त्याला कारागिरांचं काय झालं ते हवं असायचं. माझी आई म्हणायची, हा अर्धा दिवस पिंजतो आणि अर्धा दिवस विचारतो. ते खरंच होतं.

ज्या दिवसाचं सांगायचंय तो असाच बाजाराचा दिवस. प्रोफेसरसाहेब त्या दिवशी स्पेनबद्दल बोलले. तिथं शेकडो वर्षं मुसलमानांचं राज्य होतं, ते कसं कमी कमी होत एका शहरापुरतं उरलं, आणि शेवटच्या राजानं शहराच्या किल्ल्या स्वतःच्या हातानं दुसऱ्या राजाला दिल्या. करार झाला होता की विणकर, रंगारी, कुंभार, ज्यानं त्यानं आपल्या घरात राहावं, कोणाला तकलीफ होणार नाही. राजा घोडा वळवून निघाला, टेकडीवरून मागं बघून रडला. साहेबांची काठी वाजली. मी हे असं सांगितलं की कडेला थांबलेल्या बाया पदरानं डोळे पुसायला लागल्या. आणि शेवटी मी माझ्या पदरचं एक वाक्य घातलं, "राजा गेला, पण रयत राहिली."

वाहवा झाली. पण साहेबांचं संपलं नव्हतं. ते पुढं बोलायला लागले, आणि आता त्यांचा आवाज उतरला होता. करार दहा वर्षंही नीट टिकला नाही. आधी नमाज बंद केला, मग पोशाख, मग भाषा. शेवटी त्या विणकरांच्या आणि कुंभारांच्या नातवंडा-पतवंडांना बंदरावर नेऊन जहाजात कोंबलं. कित्येक वाटेतच मारले गेले. राजा गेला त्याची गोष्ट सगळे सांगतात, साहेब म्हणाले, पण इतिहास त्याच्यानंतर सुरू होतो, आणि तो या लोकांना मुद्दाम सांगा. मग त्यांनी काठी दोनदा आपटली.

मी उभा राहिलो. समोर लोक उठायच्या बेतात, गाडीवाले बैल जुंपत होते, मघाची वाहवा अजून कानात होती. एवढा छान शेवट झाल्यावर हे रडगाणं कोण सांगणार? मी म्हणालो, "साहेब म्हणतात, सगळ्यांनी सांभाळून घरी जा, पुढच्या बाजारी पुन्हा या." लोक हात जोडून उठले. साहेबांना वाटलं त्यांचं बोलणं लोकांच्या मनाला लागलं. ते मला शाबासकी देऊन गेले.

पिंजाऱ्यानं ते वाक्य उचललं. राजा गेला, रयत राहिली. कुणी मेलं तरी म्हणायचा, पाटील बदलला तरी म्हणायचा. मला ऐकून आधी गंमत वाटायची, मग कसंतरी व्हायचं, मग सवय झाली. प्रोफेसरसाहेबांचं येणंही पुढं थांबलं. खरं काय ते भाईला सांगून टाकावं असं मनात यायचं, पण मग आपण मधलं गाळलं हे कबूल करावं लागणार. माझ्यासारख्या मानी माणसाला ते जमलं नाही.

अठ्ठेचाळीस साल आलं. देश स्वतंत्र झालेला, आमचं राज्य मात्र अजून निजामाचं. इकडून राज्याच्या बाजूचे हत्यारबंद लोक गावांत शिरायचे, लुटायचे, माणसं मारायचे. तिकडून सरहद्दीवरून निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या टोळ्या यायच्या. नाका जळाला, नाकेदार आधीच हिंगोलीला निघून गेले होते. आमच्या आळीतली घरं एकेक करून वऱ्हाडात चालली. मीही आई, बायको आणि लेकरांना घेऊन वाशीमकडं निघायचं ठरवलं. पाचावर धारण बसली होती, दुसरं काय.

निघायच्या आदल्या दुपारी पिंजारी आला. गाठोडी बांधलेली बघून ओसरीच्या कडेला टेकला. त्याच्या मेहुण्याचा हैदराबादेहून निरोप आला होता, बायको-पोरीला घेऊन ये, हिंगोलीहून रेल्वे पकड, इथं राहू नको. जावं की राहावं, हे त्याचं ठरत नव्हतं. शेवटी म्हणाला, "मास्तर, एक विचारू का? त्या स्पेनात राजा गेल्यावर पिंजाऱ्यांचं काय झालं व्हतं?"

मला सगळं आठवत होतं. बंदर, जहाज, साहेबांचा उतरलेला आवाज. समोर माझीच गाठोडी बांधलेली. मला वाटलं, याला खरं सांगितलं तर हा जाईल, आणि आपण परत येऊ तेव्हा गावात आपलं कोण असेल? शिवाय इतक्या वर्षांनी खोटेपणा कबूल करायची लाज. मी म्हणालो, "रयत राहिली, भाई."

"बराबर," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण गेला, ते मी डोळ्यांनी बघितलं. म्हणाला, तुमी बिनघोर जा, घर मी सांभाळतो. मी त्याला घराची किल्ली दिली.

भादव्यात भारताची फौज आली, चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. वाशीमला आम्ही पेढे वाटले. गावात मात्र त्यानंतर काही दिवस कोणाचंच राज्य नव्हतं. मी दसऱ्याच्या आधी परतलो. माझं घर जसंच्या तसं, कुलुपालासुद्धा कोणी हात लावलेला नव्हता. पिंजाऱ्याच्या घराच्या नुसत्या काळ्या भिंती उभ्या होत्या. त्याला ओढ्याकाठी मारलं होतं. कोणी मारलं ते गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. त्यांतले काही पटांगणात बसून माझ्या गोष्टी ऐकलेले होते.

त्याची बायको आणि पोरगी तांड्यावर होत्या. म्हाताऱ्या नाईकानं त्यांना बंजारणींचे घागरे घालून आपल्या घरात ठेवलं होतं. मी गेलो तेव्हा भाभी ज्वारी निवडत होती. मला बघून उठली, कमरेची गाठ सोडली आणि माझी किल्ली माझ्या हातावर ठेवली. म्हणाली, "मास्तर, आगीतून एवढीच घेऊन पळाले. तुमची व्हती म्हणून."

ती पुढं म्हणाली, "ते शेवटपर्यंत म्हणत व्हते, रयत ऱ्हाते, मास्तरांनी सांगितलंय. त्या देशात खरंच ऱ्हायली का हो?"

मग मी तिला सगळं सांगितलं. करार कसा मोडला, भाषा कशी गेली, जहाजं कशी भरली, वाटेत कोण कोण मेलं. साहेबांनी मुद्दाम सांगायला सांगितलं होतं ते इतक्या वर्षांनी पहिल्यांदा, काही न गाळता. ती सुपातल्या ज्वारीवर हात ठेवून ऐकत होती. दाराशी नाईक खाली मान घालून बसला होता.

माझं संपल्यावर तिनं विचारलं, "हे त्यायला ठाऊक व्हतं का?"

"न्हाई," मी म्हणालो. "मला ठाऊक होतं."

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. सूप उचलून आत गेली.