कटाईवरचा चहा

नशामुक्तीचं अभियान सुरू झालं तेव्हा बुऱ्हाणपुरात रॅली निघाली, शपथा झाल्या आणि सरकारी दवाखान्यात आमची एक खोली उघडली. मला वाटलं होतं, बॅनर उतरले की खोलीलाही कुलूप. पण वर्षं गेली, औषधं येत राहिली, आणि समुपदेशक म्हणून लोकांच्या नसत्या चौकशा करायचा मला पगार मिळत राहिला. ती खोड मला लहानपणापासूनचीच.

जसोंडीकडचा एक केळी-मजूर दर मंगळवारी बायकोला घेऊन यायचा. घड वाहून पाठ मोडते म्हणून दुखण्याच्या गोळ्या सुरू केल्या आणि त्यांच्याच आहारी गेला. तीन महिने नीट चाललं. मग एका मंगळवारी लघवीच्या तपासणीत गोळीचा अंश निघाला.

"मॅडम, कसम से, एक पन गोळी नाही खाल्ली."

"मशीन खोटं बोलतं का मग?" मी बायकोच्या देखत म्हणाले. त्याच संध्याकाळी ती पिशवी भरून जैनाबादला माहेरी निघून गेली.

पुढच्या मंगळवारी तो एकटाच आला. तपासणी पुन्हा तशीच, कसमही तीच. तो गेल्यावर माझ्या डोक्यात किडा वळवळू लागला. खोटं बोलणारा माणूस आपल्या पायांनी तपासणीला कशाला येईल?

बुधवारी सकाळी मी त्याची टोळी जिथे केळी कापत होती त्या शेतावर गेले. मुकादमाने आल्याचा चहा पुढे केला. "अर्धाच घ्या हो मॅडम, तुम्हाला आदत नाही."

"चहाची कसली आदत?"

तो मोकळेपणाने सांगू लागला. दोन आठवड्यांपासून किटलीतच गोळ्या कुटून टाकतो, अंग दुखत नाही, गाडी लवकर भरते. सगळ्याच टोळ्यांत चालतं म्हणे. "तुमचा पेशंट सुधरला, आनंदच आहे. त्याला हातात गोळी द्यायची मी केव्हाच बंद केली. चहा तर सगळ्यांचा एकच ना."

माणूस खरंच खूश होता. मला हसावं की त्याला झोडावं कळेना. किटली मी तिथेच पाटात रिकामी केली, दवाखान्यात फोन लावला आणि रिक्षा करून तडक तापीपलीकडे जैनाबाद गाठलं.

त्याची बायको ओट्यावर तूर निवडत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चूक माझी होती, तुझा नवरा खरं बोलत होता, हेही सांगितलं. तिने सूप बाजूला ठेवलं.

"हे मला सांगायला इतक्या लांब आल्या. त्यांना सांगितलं का?"

तो तर तिथेच होता, त्याच शेतात, खांद्यावर घड घेऊन. मला बघून थांबलाही होता. त्याच्यासमोर जायची मला लाज वाटली, म्हणून मी आधी इकडे आले होते.