हिरवी वांगी आणि विटाळ

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, आजी पणदऱ्याला जाते तेव्हा स्वतःचा डबा का घेऊन जाते? फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. राग आला की मला नीट बोलता येत नाही, आणि हा तर नुसता राग नाही, किळस आहे. म्हणून लिहिते.

पणदऱ्याला माझी धाकटी जाऊ, म्हणजे तुमची चुलत आजी, तिचा मुलगा आणि सून राहतात. रानात ऊस आहे, गोठ्यात गाई आहेत आणि विहिरीजवळ हिरव्या जाळीचं शेडनेट आहे. ते सुनेचं. ट्रेमध्ये कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरून ती तिथं टोमॅटोची, मिरचीची, वांग्याची रोपं करते. पार बावड्याकडचे लोक येऊन घेऊन जातात. त्या घरात तिचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच.

जावेला एका गोष्टीचा फार अभिमान आहे: बी धरण्याचा. सगळ्यांत देखणं वांगं हेरून त्याच्या देठाला चिंधी बांधायची, ते पिकून पिवळं होईपर्यंत कुणाला तोडू द्यायचं नाही, मग बी धुऊन, राखेत घोळून डब्यात भरायचं. गावरान वांग्याचं बी ती वर्षानुवर्षं असंच धरत आली आणि ते कधी चुकलं नाही. गेल्या वर्षी मात्र तिनं चिंधी बांधली ती पाकिटातून आणलेल्या संकरित वांग्याला. जांभळं, चकचकीत, मन मोहवणारं. ते बी सुनेला दिलं, सुनेनं रोपं करून घरच्या रानात लावली. फळं धरली तेव्हा जांभळ्या झाडांमध्ये मधूनमधून हिरव्या वांग्यांची झाडं निघाली. आमच्या बाजारात हिरव्या वांग्याकडे कुणी ढुंकून बघत नाही.

त्यानंतर मी गेले तेव्हा सून गोठ्याच्या कडेला पोत्यावर बसली होती. समोर वेगळं ताट, वेगळा तांब्या. भाकरीवर गोठ्यातल्या माश्या. हे असलं बाजूला बसणं त्या घरातून केव्हाच गेलं होतं.

"हे काय मांडलंयस?" मी जावेला विचारलं.

"इटाळ हाय तिला. असल्याच दिवसांत शेडात शिरून रोपास्नी हात लावला, वांगी बाटली! जांभळ्याची हिरवी झाली, आक्का. आता शेडाला कुलूप. दुसऱ्या कुणाला तरी चालवाय देनार हाय."

हातातला चहा मी तसाच खाली ठेवला. पुतण्या दारात उभा राहून मोबाईलवर बोट फिरवत होता. तो शेतकीचा डिप्लोमा झालेला.

"संकरित वांग्याचं बी धरलं की पुढं असं होतं, हे तू शिकलायस ना?" मी म्हणाले.

"शिकलोय की, काकू."

"मग आईला सांगितलं का नाहीस?"

"आईपुढं कोन बोलनार? चार दिवस बसायचा तर प्रश्न हाय."

त्या माश्यांपेक्षा मला त्याची जास्त किळस आली.

तुम्ही हे शाळेत इंग्रजीत शिकला असाल, मी घरच्या भाषेत सांगते. रंगासाठी प्रत्येक झाडाला दोन वाटे मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. पाकिटातल्या वांग्याच्या आईबापांत एक जांभळं होतं, एक हिरवं. दोन्ही वाटे एकत्र आले की जांभळा मिरवतो आणि हिरवा दबून राहतो. दबतो, पण मरत नाही. म्हणून पाकिटातली सगळी झाडं जांभळी. त्यांचंच बी पेरलं की वाटे नव्यानं पडतात, आणि हिरव्याला हिरवा भेटला की वांगं हिरवं. साधारण चार झाडांत एखादं. जावेच्या गावरान वांग्यात दबलेला असा वाटा उरलाच नव्हता, म्हणून तिचं कधी चुकलं नाही. यात बाईच्या अंगाचा संबंध कुठं आला?

जावेला हे सांगितलं तर ती हसली. "बुकातली वांगी बुकातच शिजवा, आक्का."

"डब्यात ते बी उरलंय का?"

"हाय की."

"मग तूच पेर. अंघोळ करून, स्वतःच्या हातानं. पाणीही तूच घाल. तुला तर आता कसलाच विटाळ नाही."

"पेरते! एक जरी हिरवं आलं तर शेडाची किल्ली माझ्या हातानं सुनंला दीन."

तिनं हौदाजवळ वाफा केला, भोवती काट्या लावल्या. सुनेला तिकडं फिरकायची बंदी. शेडमध्ये ट्रेमधली रोपं वाळून गेली, गिऱ्हाइकं दारातून परत गेली. मी जात राहिले, पण डबा घेऊन, आणि गोठ्याजवळ त्या पोत्यावर बसून सुनेबरोबर खात होते. जाऊ म्हणायची, "म्हातारपनी बाटायची हौस!"

एके दिवशी तिचाच फोन आला. "या बघाय. समदी जांभळी!"

गेले. वाफ्यात खरोखर जांभळीच वांगी होती. पण ओळीत मधेमधे जागा रिकाम्या होत्या, आणि तिथली माती उकरलेली, ओली. मी जावेकडं पाहिलं. ती काट्या नीट करायला लागली.

सून गोठ्याकडून उठली, उकिरड्याकडं गेली आणि शेणात लडबडलेली, उपटलेली झाडं दोन्ही हातांत घेऊन आली. फांद्यांना हिरवी वांगी तशीच लोंबत होती. तिनं ती सासूच्या पायाशी टाकली.

जावेला माहीत होतं! हिरवी वांगी पाहून, आपलं चुकलं हे समजून, तिनं ती शेणात पुरली होती, आणि सुनेला दर महिन्याला पोत्यावर तसंच बसवून ठेवलं होतं. इतके दिवस मी तिला अडाणी समजत होते.

"आत्या, आज माझा दुसरा दिवस हाय," सून सासूला म्हणाली. ती घरात गेली, खुंटीवरची किल्ली काढली आणि शेडचं कुलूप उघडलं. जावेनं अडवलं नाही. किल्ली स्वतःच्या हातानं द्यायचं तिनं कबूल केलं होतं, तेवढंही तिच्यानं झालं नाही.

पुतण्या आता माझ्यासाठी ताट वाढून आणतो. "मिटलं की समदं, काकू. आता तरी जेवा."

"मिटवायला तू काय केलंस?" मी विचारते. तो ताट घेऊन परत जातो.

शेडमध्ये पुन्हा रोपं उभी आहेत. मी गेले की सून दोन ट्रे बाजूला सारून जागा करते. तिथं बसून आम्ही दोघी माझा डबा खातो.