मुदुनकंदांची वंशावळ आणि आमच्या प्रमिलाताई

डॉ. प्रमिला हणमंते यांची आणि माझी पहिली भेट हायडेलबर्गमधल्या एका दिवाळी फराळाला झाली. मी नुकताच स्टुटगार्टला नोकरीला लागलो होतो. आठवडाभर गिअरबॉक्सची ड्रॉइंग काढायची आणि जिथे मराठी कानावर पडेल असं कळेल तिथे रविवारची गाडी पकडून जायचं, असा माझा क्रम होता. हातात चकली घेऊन कोपऱ्यात उभा होतो, तेवढ्यात पांढऱ्या केसांच्या, निळा स्वेटर घातलेल्या एक बाई सरळ माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"तुम्ही इंजिनिअर ना? मग कॉम्प्युटरवर झाड काढता येईल का?"

"कसलं झाड?"

"माणसांचं. कागदावर मावत नाहीये. पुढच्या शनिवारी या. पिठलं-भात आहे."

माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. मी पिठल्याच्या आशेने गेलो आणि अजून जातोच आहे. ताईंच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात विद्वानांचे लेख असतील. त्यांच्या पंगतीत एका गिअरबॉक्सवाल्याला पाट मिळाला, तो त्या झाडामुळे.

ते झाड होतं मुदुनकंद नावाच्या सिंहली व्यापारी घराण्याचं. ताई मूळच्या सोलापूरच्या. वसाहतकाळातली बंदरं आणि तिथले देशी व्यापारी या विषयावर डॉक्टरेट करायला त्या हायडेलबर्गला आल्या आणि पुढे निवृत्त होईपर्यंत इथेच शिकवत राहिल्या. त्या अभ्यासात हे घराणं त्यांना भेटलं. मूळ पुरुष दक्षिण सिलोनमध्ये बैलगाड्या हाकायचा. मग त्याने माडाच्या दारूचा मक्ता घेतला. त्याच्या मुलाने, आंद्रिसने, ग्रॅफाइटच्या खाणी घेतल्या. आपल्या शिसपेन्सिलीत असतं तेच हे ग्रॅफाइट. ते कोलंबोच्या वखारीत बायका निवडून स्वच्छ करायच्या आणि तिथून ते जहाजाने युरोपात, या जर्मनीतसुद्धा, यायचं. मग नारळाच्या बागा आल्या, बंगला आला, बग्गी आली. नावंही बदलली. एकाच माणसाचं घरचं नाव वेगळं, पोर्तुगीज वळणाचं वेगळं आणि साहेबासमोर सांगायचं वेगळं. "पैसा आधी येतो, पूर्वज मागाहून येतात," असं ताई म्हणतात. म्हणतात हसत, पण त्या मागाहून आलेल्या पूर्वजांपैकी खरे कोण आणि हौसेचे कोण, हे शोधण्यात त्यांनी निवृत्तीनंतरची सगळी वर्षं घातली.

त्यांची काम करायची पद्धत मी जवळून पाहिली आहे. कुणाकडेही गेल्या की त्या बैठकीच्या खोलीत बसत नाहीत, स्वयंपाकघरात जातात. "तुमचे आजोबा कोण?" असं कधी विचारत नाहीत. कारण या प्रश्नाला लोक पाठ केलेलं उत्तर देतात, असं त्यांचं म्हणणं. त्या विचारतात, "तुमच्याकडे दान असतं तेव्हा कुणाकुणाची नावं घेता?" सिंहली बौद्ध घरांत पितरांसाठी भिक्षूंना जेवण देतात. त्याला दान म्हणतात. जेवण झालं की घरातलं वडीलधारं माणूस गेलेल्यांची नावं घेतं, मग भिक्षू पाठ म्हणू लागतात आणि घरची मंडळी भांड्यातलं पाणी पेल्यात ओतत राहतात, पेला भरून वाहू लागेपर्यंत. केलेलं पुण्य असं आप्तांना पोचवायचं. आपल्या तर्पणाला अगदी लागून असलेली रीत. ताई सिंहली शिकल्या त्या असल्या घरांत बसून, कांदे चिरता चिरता.

या कामात त्यांच्याबरोबर हेर केलर नावाचे एक निवृत्त जर्मन दफ्तरपाल होते. अतिशय शिस्तीचे गृहस्थ. एकदा त्यांनी मोठ्या कष्टाने एका शाखेचा तक्ता करून आणला आणि ताईंनी तो पाहून कपाळावर हात मारला. झालं होतं असं, की या घराण्यात आतेभाऊ-मामेबहिणीची लग्नं पिढ्यान्‌पिढ्या होत आली. त्यामुळे एकच पणजोबा बापाच्या बाजूने येतात आणि आईच्याही बाजूने येतात. केलरसाहेबांना ती नोंदीतली चूक वाटली आणि त्यांनी एका पणजोबांचे दोन पणजोबा करून टाकले.

"हे पाहा, फ्राउ हणमंते, प्रत्येकाला आठ पणजोबा-पणज्या असायलाच हव्यात," ते म्हणाले.

"असायला हव्यात, पण नसतात! माझ्या आईची आत्याच तिची सासू झाली. मला कुठून आठ मिळणार?" ताई म्हणाल्या. केलरसाहेब त्यांच्याकडे बराच वेळ सहानुभूतीने पाहत राहिले. मग दोघं मिळून तो तक्ता पुन्हा करायला बसले आणि केलरसाहेबांनी लिमलेटच्या गोळ्यांचा डबा पुढे केला.

ताईंचं नुसतं कौतुकच करायचं असं ठरवलं तर ते खोटं होईल. त्यांचा फोन बहुधा बंद असतो. रागावल्या की त्या जर्मनमध्ये रागावतात आणि ते जास्त लागतं. माझी ड्रॉइंग किती वेळा लाल पेन्सिलीने रंगून परत आली, ते सांगत नाही. पण आमची मीरा झाली तेव्हा दोन्ही आज्यांचे व्हिसा अडकले होते, आणि तेव्हा डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन स्टुटगार्टचा आमचा चढ चढून धापा टाकत दारात उभ्या राहिल्या त्या ताईच. आल्या त्या माझ्या बायकोला उभं राहता येईपर्यंत राहिल्या. जाताना आम्ही वाकून नमस्कार केला, तर "आता माझी ड्रॉइंग कधी?" म्हणाल्या.

मीरा आता शाळेत जाते आणि मराठीला जर्मनमधून उत्तर देते. आम्ही तिच्यावर वैतागतो, ताई वैतागत नाहीत. एकदा त्यांनी तिला झाडाच्या कागदासमोर बसवलं. "हा आईचा भाऊ, हा बाबांचा भाऊ, हा आत्याचा नवरा. तुझ्या जर्मनमध्ये हे सगळे कोण?"

"ऑन्कल," मीरा म्हणाली.

"गेनाऊ, अगदी बरोबर. आणि आपल्यात?"

मीराने मामा, काका बरोबर सांगितलं आणि आत्याच्या नवऱ्यापाशी अडली. मीही अडलो, हे कबूल करतो. त्या दिवसापासून ती घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला नात्याने हाक मारायचा प्रयत्न करते.

पण ताईंचं खरं मोल मला कळलं ते सोमावतीबाईंच्या प्रकरणात. सोमावतीबाई म्हणजे स्टुटगार्टला राहणाऱ्या एक वृद्ध सिंहली परिचारिका. तरुणपणी इथल्या इस्पितळात कामाला आल्या आणि इथल्याच झाल्या. मुदुनकंदांची वंशावळ तयार होत आली होती. कोलंबोच्या कुटुंबाने छपाई अंगावर घेतली होती, जुने फोटोही दिले होते. ही बातमी कानावर गेली आणि सोमावतीबाईंनी ताईंना घरी बोलावलं. मी गाडी चालवायला होतो.

सोमावतीबाईंनी सांगितलं ते असं. त्यांची आजी पोडीहामी ग्रॅफाइट निवडायला वखारीत जायची. आंद्रिसने तिच्याबरोबर रीतीप्रमाणे घर मांडलं, त्यांना एक मुलगी झाली. त्या काळी अशी लग्नं कचेरीत जाऊन नोंदवायची पद्धत फारशी नव्हती. पुढे खाणीचा पैसा आला, बड्या घरची मुलगी सांगून आली, ते लग्न मात्र वाजतगाजत नोंदवलं गेलं. पोडीहामीला मुलीसकट गावी धाडून दिलं. ती मुलगी म्हणजे सोमावतीबाईंची आई.

"मला इस्टेट नको," सोमावतीबाई जर्मनमध्ये म्हणाल्या. "माझ्या आईला शाळेत बापाचं नाव सांगता आलं नाही. तिच्या आईचं नाव त्याच्या शेजारी छापलेलं मला बघायचंय. पण माझे डोळे चाललेत, प्रमिला. डॉक्टर म्हणतात, थांबवता येणार नाही. दिसतंय तोवर दाखव."

दुसऱ्या दिवशी ताईंनी कोलंबोला कळवलं, की आंद्रिसच्या नावाशेजारी पोडीहामीचं नाव येईल. कुटुंबाचे कारभारी होते आंद्रिसचे एक पणतू, पेशाने वकील. त्यांनी साफ नकार दिला. लग्नाची नोंद नाही म्हणजे ती बायको नाही, आणि हे नाव येणार असेल तर फोटो परत करा, छपाईही होणार नाही.

काम थांबलं. एवढ्या वर्षांचं पुस्तक कपाटात पडून राहिलं. मला ते बघवेना. मी एकदा चिडूनच म्हणालो, "ताई, आत्ता छापून टाका. नाव दुसऱ्या आवृत्तीत घालू."

"आणि दुसरी आवृत्ती वाचायला सोमावतीबाईंचे डोळे कुठून आणायचे?"

"पण पुरावा काय आहे? तुम्हीच म्हणता ना, ऐकीव गोष्ट झाडात घालायची नाही म्हणून?"

खरं तर तीच त्यांची अडचण होती. सोमावतीबाईंच्या शब्दावर त्यांचा विश्वास होता, पण नुसत्या विश्वासावर त्यांनी उभ्या आयुष्यात एक ओळ लिहिली नव्हती. "जाऊन बघू," एवढंच म्हणाल्या.

कोलंबोच्या घरी पितरांचं दान होतं. भांडण चालू असूनही आमंत्रण आलं आणि ताई गेल्या. सोबत मीही रजा काढून गेलो. ताईंच्या गुडघ्यांवर माझा भरवसा नव्हता. भिक्षूंची जेवणं झाली. वकीलसाहेबांच्या आत्या, घरातल्या सगळ्यांत वडील बाई, पांढऱ्या साडीत चटईवर बसल्या होत्या. त्या एकेक नाव घेऊ लागल्या. बैलगाडीवाल्याचं झालं, त्याच्या बायकोचं झालं, आंद्रिसचं झालं. आणि त्याच्या नोंदवलेल्या बायकोच्या आधी, त्याच संथ सुरात, त्या म्हणाल्या, "पोडीहामी." मला सिंहली येत नाही, पण ते नाव मला कळलं. मी ताईंकडे पाहिलं. ताईंचे डोळे मिटलेले होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

सगळं आटोपल्यावर ताई आत्याबाईंजवळ जाऊन बसल्या आणि पोडीहामी कोण, असं त्यांनी विचारलं. आत्याबाईंना ठाऊक नव्हतं. आजीने आईला शिकवलं, आईने मला, एकही नाव गाळायचं नाही म्हणून बजावलं, एवढंच त्या सांगू शकल्या. आजी म्हणजे तीच, आंद्रिसची नोंदवलेली बायको. जिच्यासाठी पोडीहामीला घराबाहेर काढलं, तिनेच तिचं नाव पितरांत ठेवलं होतं, आणि तेही स्वतःच्या जागेच्या आधी.

वकीलसाहेब म्हणाले, "बाई, तो धर्माचा भाग झाला. आपलं पुस्तक इतिहासाचं आहे."

ताई आवाज न चढवता म्हणाल्या, "साहेब, तुमच्या बैलगाडीवाल्या पूर्वजांच्या लग्नाचीही नोंद नाही. त्यांना आपण झाडाच्या मुळाशी बसवलंय. आणि दरवर्षी जिला आप्त म्हणून पुण्य पोचवता, ती तुमची कुणीच नाही, असं मी कोणत्या तोंडाने लिहू?"

बोलल्या त्या आत्याबाई. त्यांनी पुतण्याला जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "मी तिला पाणी देत आलेय. मी गेल्यावर तुला द्यायचंय. कोण आहे ते कळलं, बरं झालं." मग त्या चहा सांगायला आत गेल्या. मला हे सगळं ताईंनी नंतर समजावून सांगितलं, पण वकीलसाहेबांची मान खाली गेलेली मला तेव्हाच दिसली होती. होकार यायला मात्र आणखी बरेच महिने लागले, आणि आमचा जीव सोमावतीबाईंच्या डोळ्यांत अडकलेला. होकार आला तेव्हा ताईंनी प्रस्तावनेत पहिले आभार वकीलसाहेबांचे मानले. मी नाक मुरडलं. "अरे, स्वतःच्या पणजोबाची चूक मान्य करायला माणूस मोठा लागतो," असं म्हणून त्यांनी मला गप्प केलं.

पुस्तकातली अक्षरं सोमावतीबाईंना आता दिसणार नव्हती. म्हणून मी ते पान ऑफिसच्या प्लॉटरवर, जिथे आम्ही अख्ख्या मशीनची ड्रॉइंग छापतो तिथे, रीतसर परवानगी काढून मोठं करून घेतलं. ताईंनी आणि मी ते गुंडाळून त्यांच्या घरी नेलं आणि जमिनीवर पसरलं. सोमावतीबाई हळूहळू गुडघ्यांवर बसल्या आणि कागदावर इतक्या वाकल्या, की नाक टेकलं. मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेने, एकेक अक्षर जुळवत त्यांनी आंद्रिसचं नाव वाचलं. मग त्याच्या शेजारचं. मग खालची रेघ बोटाने धरून आईच्या नावाशी आल्या आणि तिथे तळहात ठेवून बसून राहिल्या. ताई त्यांच्या शेजारी जमिनीवर बसल्या. त्यांना उठवायला नंतर मला शेजाऱ्यांना हाक मारावी लागली.

बऱ्याच वेळाने सोमावतीबाईंनी चाचपडत ताईंचा हात शोधला. "प्रमिला, तुझे उपकार मी कसे फेडू? दान केलं की नाव घेईन म्हटलं असतं. पण पाणी ओतताना आम्ही नाव घेतो ते गेलेल्यांचं. मी तुझ्याहून पुष्कळ थोरली आहे. आधी मला जाऊ दे. तुझं नाव घेऊन पाणी ओतायची वेळ माझ्यावर आणू नकोस."

ताईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, अशी इच्छा या ग्रंथात सगळेच लिहितील. मीही लिहिणारच होतो. पण ताई, सोमावतीबाई अजून आहेत, आणि त्यांनी तुम्हाला बजावून ठेवलं आहे. त्यांच्यानंतर बजावायला माझा नंबर आहे, मग मीराचा. आमच्यापैकी कुणावरही ती वेळ आणू नका.