बंद घराची पावती

वसुलीमामा पैसे मागायला यायचे, पण पैशांचं नाव सगळ्यात शेवटी काढायचे. फाटकावर पेनाच्या टोकानं तीनदा टकटक, मग पायरीशी चप्पल काढणं, आणि पहिला प्रश्न, ‘‘घरी माणसं किती हायत?’’ महापालिकेच्या कुठल्याही कागदावर हा रकाना नाही. लातूरच्या आमच्या वस्तीत दर महिन्याला घरोघरी कचऱ्याचा आकार वसूल करायचा, एवढंच त्यांचं काम. पण माणसं विचारल्याशिवाय त्यांचं पावतीबुक पिशवीतून बाहेर येत नसे.

चहाच्या बाबतीत त्यांचा कायदा उलटा होता. ज्यानं पैसे भरले त्याच्याकडं फक्त पाणी. जो भरत नाही त्याच्याकडं चहा. मी कारण विचारलं तर म्हणाले, ‘‘भरले त्याचं काम झालं, सायेब. न भरणाऱ्याजवळ बसावं लागतंय.’’

बायको असेपर्यंत आमच्या घरात त्यांनी पाणीच प्यायलं. ‘दोन माणसं’ असं ती आतूनच सांगायची आणि पैसे हातावर ठेवायची. ती गेली त्या महिन्यातही टकटक झाली. मामांना ठाऊक नव्हतं. त्यांनी नेहमीसारखं विचारलं आणि माझ्या तोंडून आकडाच निघेना. ‘नंतर या’ म्हणून मी दार लावलं.

आता मी पडलो पाटबंधारे खात्यातला निवृत्त कारकून. दुःख झालं की लोक रडतात, मी अर्ज लिहितो. त्याच दुपारी महापालिकेला अर्ज केला: सदर घर कायमचे बंद असून तेथे कोणीही राहत नाही, सबब कचऱ्याचा आकार माफ व्हावा. लोकांना सांगितलं, पैसे वाचवले. खरं म्हणजे मला तो प्रश्न वाचवायचा होता. अर्ज इतका बिनतोड उतरला की स्वतःवरच खूश होऊन मी शेवटी सवयीनं ओळ टाकली: उत्तर वरील पत्त्यावर पाठवावे.

उत्तर आलं. माफी मंजूर. पत्र घेऊन मामाच आले आणि पोच म्हणून माझी सही मागितली. सही करून झाल्यावर म्हणाले, ‘‘बंद घरानं सही केली म्हणून लिहू का, सायेब?’’

मी जमिनीत जायचा बाकी होतो. मामा मात्र खुर्चीत बसले. बंद घर खरंच बंद आहे का, याची दर महिन्याला पाहणी करावी लागते म्हणाले. आणि पैसे भरलेले नसल्यामुळे चहा ओघानं आलाच. मग दर महिन्याला हेच. बंद घरात बसून दोन माणसं चहा प्यायची, आणि उठताना मामा कानावरची शिसपेन्सिल काढून वहीत ‘घर बंद’ लिहायचे. शाईनं का नाही, विचारलं. म्हणाले, ‘‘घाई काय हाय?’’ माणसं किती, हे त्यांनी मला पुन्हा कधी विचारलं नाही.

एकदाच मला सुनावलं. ‘‘रस्त्यावरचा दिवा आन् वस्तीच्या सभागृहातला पंखा घरपट्टीवर चालतो. घंटागाडीचं डिझेल आन् गाडीवरल्या सुमनबाईचा पगार ह्या पावतीवर. तुमी राहत न्हाई, हाव, मंजूर. सुमनबाईनं तरी राहावं का न्हाई?’’ मग चहा फुंकत पुढं म्हणाले, ‘‘रेणापूरकडं गावात माझं बी घर बंद हाय. खरंच बंद. त्याला अर्ज लिहायची पाळी आली न्हाई.’’ मी साखर विचारली.

माफीची एक बाजू माझ्यासारख्या हुशार माणसाच्या ध्यानात आली नव्हती. बंद घरापुढं घंटागाडी थांबत नाही. सकाळी गाडी यायची, सगळ्या दारांशी थांबायची, आणि माझं फाटक आलं की सुमनबाई पुढं बघत निघून जायच्या. त्यामुळं मी भल्या सकाळी, तीस वर्षांच्या इमानी नोकरीनंतर, धोतराखाली कोंबडी लपवावी तशी कचऱ्याची पिशवी शालीखाली घेऊन निघायचो आणि वस्तीच्या सभागृहातल्या डब्यात टाकून यायचो. मागं कुत्रं. सभागृहात म्हातारी मंडळी पेपर वाचत बसलेली असत. मी कुणाकडं बघत नसे. कुणाला कळत नाही असा माझा समज होता.

त्या थंडीत तापानं पडलो. मुलगा पुण्यात, त्याला कशाला घोर लावायचा म्हणून फोनवर ठणठणीत आवाज काढला. तीन दिवस अंथरुणात. तिन्ही सकाळी गाडीची घंटा जवळ आली, शेजारच्या दाराशी थांबली, आणि माझ्या दारावरून तशीच पुढं गेली. तिसऱ्या दिवशी उठून हाक मारावी म्हटलं, तर आवाज निघेना. आपणच लिहून दिलं होतं, तेथे कोणीही राहत नाही.

दुपारी टकटक झाली. तीनदा. मग मागच्या दारानं मामा आणि सुमनबाई आत आले. महिना संपायला अजून पंधरा दिवस होते. मी कसंबसं विचारलं, आज कशी पाहणी?

‘‘तीन दिस झाले, सभागृहातल्या डब्यात तुमची पिशवी न्हाई,’’ सुमनबाई म्हणाल्या. सुतळीनं फायलीची गाठ मारलेली पिशवी अख्ख्या वस्तीत एकाच घरची होती म्हणे.

रिक्षात घालून त्यांनी मला दवाखान्यात नेलं. नर्सनं कागद भरताना विचारलं, घरी कोण कोण असतं? मी छताकडं बघितलं. मामा म्हणाले, ‘‘सध्या दोन लिवा.’’ आणि सात दिवस ते माझ्याकडं राहिले.

बरा झाल्यावर मी माफी रद्द करून घेतली आणि मागची सगळी बाकी भरली. मामांनी खोडरबरानं ‘घर बंद’ पुसलं, शाईनं पावती लिहून फाडली, आणि मी चहा टाकायला उठलो तर हात वर केला. ‘‘आता पाणी.’’ प्रामाणिकपणाचा असा तोटा मला आयुष्यात झाला नव्हता.

पुढं वसुली मोबाइलवर गेली. मामा शेवटचे आले ते पिशवीशिवाय, लेकीकडं धर्माबादला निघाले होते. पावती नाही म्हणून चहा चालला. चप्पल घालता घालता त्यांनी इतक्या दिवसांनी विचारलं, ‘‘माणसं किती हायत?’’

‘‘एक,’’ मी म्हणालो.

‘‘मग तवा सभागृहात नुसती पिशवी धाडत होता, आता सवता जाऊन बसा.’’

आता जातो. पेपर वाचतो, पंखा माझ्याही पैशावर फिरतो. मामांना फोन लावला तर त्यांना नीट ऐकू येत नाही. काहीही विचारलं तरी ‘बरं हाय’ म्हणतात. कचऱ्याचे पैसे मी दर महिन्याला मुद्दाम थकवतो. मोबाइलवर एक आठवण येते, मग दुसरी. फाटकाशी कुणी येत नाही. तिसरी आली की दोन कप चहा ठेवतो, दोन्ही मीच पितो, आणि मग पैसे भरतो. भरल्यावर चहा चालत नाही.